सचिव काढून पाहण्याचा प्रयोग

पेडगाव, जि. परभणी
७ ऑक्टोबर २०२४

चि. योगिनी,

आशीर्वाद आहेतच, पण आज आधी तक्रार ऐक. तू चार वर्षं बंगळुरूला नेमकं काय करतेस हे मला माहीत नाही. तुझे बाबा म्हणतात, 'बुरशीवर काहीतरी.' चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला सख्खा भाऊ 'बुरशीवर काहीतरी' एवढ्यावर वाटेला लावतो. पारावर लोक विचारतात तेव्हा मी 'संशोधन' म्हणतो आणि पावसाचा विषय काढतो. फोनवर सांगू नकोस. मला कानाचं यंत्र लावल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि लावलं की सगळंच ऐकू येतं.

आजच विचारायचं कारण असं. काल सप्ताह समितीची बैठक होती. दत्तजयंतीला संपणाऱ्या आपल्या हरिनाम सप्ताहाचा मी चोवीस वर्षं सचिव आहे. सात दिवस कीर्तन, रोज पंगत, शेवटच्या दिवशी हजार-बाराशे पान. तर काल सूर्यभान उभा राहिला. त्याचं खताचं दुकान आहे, वय बत्तीस, माझाच विद्यार्थी, अपूर्णांक त्याला कधी जमले नाहीत. सगळ्यांदेखत म्हणाला, "सर, राग मानू नका, पण सचिव नेमकं काय करतंय?"

मी सविस्तर उत्तर दिलं. पण ते मिळाल्यासारखं कुणाच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. घरी येऊन मी तोच प्रश्न स्वतःला विचारला, तर मलाही धड सांगता येईना. फार लागलं गं मनाला. तेव्हा तुझी आठवण झाली. तू काय करतेस तेही कुणाला सांगता येत नाही, तरी तुला त्याची शिष्यवृत्ती मिळते.

तुझा,
अप्पाकाका
माजी मुख्याध्यापक, विद्यमान सचिव

*

बंगळुरू
१९ ऑक्टोबर २०२४

ती. अप्पाकाका,

नमस्कार. तक्रार रास्त आहे. सांगते.

मी ज्या जिवावर काम करते त्याला स्लाइम मोल्ड म्हणतात. म्हणायला बुरशी, पण बुरशीशी त्याचं नातं नाही. एकेक जीव म्हणजे एकच पेशी. मातीतले जिवाणू खाते, फुटून दोन होते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खायचं संपलं की मात्र या पेशी एकमेकींना हाका मारायला लागतात. हाक म्हणजे एक रसायन. लाखभर पेशी गोळा होतात, त्यांची तांदळाच्या कणीएवढी अळी बनते, ती उजेडाकडे सरपटते आणि थांबून उभी राहते. पाचातल्या एकीनं मरून देठ व्हायचं आणि चौघींनी त्या देठावर चढून बीज व्हायचं. ही पाळी कुणावर येते, यावर आमच्याकडे अख्खी परिषद भरते.

आता माझं काम. कुठलं जनुक काय करतं हे पेशीला विचारता येत नाही. म्हणून ते काढायचं आणि काय बिघडतं ते बघायचं. जे बिघडलं ते त्याचं काम. पण काढणं सोपं नाही. आम्ही डीएनएचा एक तुकडा तयार करतो. त्याची दोन्ही टोकं अक्षरशः मूळ जनुकाच्या टोकांसारखी, मधला मजकूर मात्र दुसराच. विजेचा हलका झटका देऊन तो पेशीत घुसवायचा. टोकं जुळतात म्हणून पेशी फसते आणि आपलं जनुक काढून त्या जागी आपल्या हातानं हा तुकडा बसवते. सगळ्याच पेशी फसत नाहीत. म्हणून मधल्या मजकुरात एक विष पचवायची ताकद घालून ठेवलेली असते. वरून ते विष ओतलं की ज्यांनी तुकडा घेतला त्याच जगतात. तरी एकेक वसाहत तपासावी लागते, कारण तुकडा कधी कधी भलत्याच जागी जाऊन बसतो.

माझ्या जनुकाला नावसुद्धा नाही, नुसता आकडा आहे. पेशींना गोळा व्हायला ते लागत असावं असा अंदाज आहे. तीन वर्षं त्याच्याच मागे आहे.

काका, हे पारावर सांगू नका. सांगितलंत तर निदान 'योगिनीनं शोध लावला' असं तरी सांगू नका.

तुमची,
योगिनी

*

पेडगाव
४ नोव्हेंबर २०२४

चि. योगिनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा मनात, एकदा काकूला मोठ्यानं, एकदा पारावर. शोध लावला असं म्हटलेलं नाही, लागत आला आहे एवढंच म्हटलं.

मुली, तू माझे डोळे उघडलेस. सचिव काय करतो हे सांगून कळत नाही, तो काढावा लागतो! मी परवा राजीनामा दिला. कारण 'वैयक्तिक' लिहिलं. खरं कारण शास्त्रीय आहे, हे तुला आणि मलाच ठाऊक. काय काय बिघडेल ते आधीच वहीत नोंदवून ठेवलं आहे. पहिल्या दिवशी पोळ्या कमी पडतील. तिसऱ्या दिवशी महाराजांच्या उतरण्याची आबाळ होईल. पाचव्या दिवसापर्यंत मंडळी दारात येतील. मी लगेच हो म्हणणार नाही, पण ताणून धरायचा स्वभावही नाही माझा.

राजीनामा अजून मंजूर झालेला नाही. होणारही नाही बहुतेक.

तुझा,
अप्पाकाका
सचिव (राजीनामा विचाराधीन)

(पाकिटाच्या आतल्या बाजूला, पेन्सिलीनं)
योगे, पाकीट चिटकवायला माझ्याकडं देतेत म्हनून लिव्हते. तुझे काका दोन दिस झाले दारात खुर्ची टाकून बसलेत. कुनी इनवायला येतंय का बघायलेत. कुनी न्हाई आलं. तू काय लिव्हलं व्हतंस माय त्यायला? — काकू

*

बंगळुरू
१४ नोव्हेंबर २०२४

ती. अप्पाकाका,

मी एका सूक्ष्म जिवाबद्दल लिहिलं होतं, सप्ताह समितीबद्दल नाही. राजीनामा मंजूर झाला नसेल तर कृपा करून मागे घ्या.

तुम्ही विज्ञानाचे शिक्षक, म्हणून शास्त्राच्याच भाषेत सांगते. जो काढला जातो त्यानंच प्रयोग करायचा नसतो. त्याला हवं तेच दिसतं. आणि एक गोष्ट तुमच्या वाचनातून निसटली. जनुक काढल्यावर जागा रिकामी राहत नाही. तिथं दुसरं काहीतरी बसवलेलं असतं.

माझं ठीक चाललंय. काकूंना नमस्कार.

तुमची,
योगिनी

*

पेडगाव
२० डिसेंबर २०२४

चि. योगिनी,

तुझं पत्र आलं तोवर राजीनामा मंजूर झाला होता. चार मिनिटं लागली. शाल आणि नारळ आधीच आणून ठेवलेले होते, यावरून काय समजायचं ते मी समजलो.

माझ्या जागी सूर्यभान बसला. तू लिहिलं होतंस त्यातलं एकही अक्षर खोटं नाही. सप्ताहाआधी पारावर रोज सचिवाचं भाषण होतं, त्यात त्यानं माझंच सुरुवातीचं वाक्य उचललं, 'माउलींच्या कृपेनं आपण सगळे जमलो.' शेवटही माझाच, 'चुकलंमाकलं पोटात घाला.' मधलं सगळं गायब! दोन्ही टोकं जुळली आणि गाव फसलं. शिवाय विष पचवायची ताकद आहेच. कुणी काही बोललं की तो मोबाइल बघतो.

आता निष्कर्ष. पोळ्या कमी पडल्या नाहीत. महाराजांची आबाळ झाली नाही. शेवटच्या पंगतीला साडेअकराशे पान उठलं, तेही ऊन उतरायच्या आत. माझ्या काळात दिवे लागायचे. मी शेवटच्या ओळीत जेवलो. मला कुणीतरी आग्रह केला, पण पाहुण्याला करतात तसा.

वहीतला एकही अंदाज खरा ठरला नाही. लपवून काय करू, मला वाईट वाटतंय. चोवीस वर्षं मी एका जागेवर होतो आणि ती जागा मी नसतानाही तशीच होती. काढल्यावर काहीच बिघडलं नाही, तर तुमचं शास्त्र काय म्हणतं? स्पष्ट लिही. मी पचवीन.

तुझा,
अप्पाकाका

(सोबत वहीचं फाडलेलं पान)
योगे, त्यायला सांगू नको. आपल्या गावात पोळ्याचं आवतन दारात जाऊन द्यावं लागतंय. घरात घटकाभर टेकायचं, लेकराबाळाचं इचारायचं, मग म्हनायचं बाई यंदा तुमच्याकडं वीस पोळ्या. तसं केल्याबिगर कोनती बाई कनिक मळत न्हाई. ते काम चोवीस वर्सं मीच करते, संगं शेजारची बायनाबाई. ह्यायला वाटतंय, माईकवर यादी वाचली की पोळ्या येतेत. मी कधी बोलले न्हाई, कशाला बोलू, घरातलंच मानूस. औंदा सूर्यभान दारात आला, काकू कसं करू म्हनला. देवाचं काम, न्हाई कसं म्हनू? केलं. आन् हे असे तोंड पाडून बसलेत. जेवन कमी झालंय. मला लय पाप लागल्यावानी वाटायलंय. — काकू

*

बंगळुरू
२ जानेवारी २०२५

ती. अप्पाकाका,

हे पत्र काकूंना मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांना आवडेल.

आधी माझी कबुली. 'ठीक चाललंय' असं लिहिलं तेव्हा निकाल माझ्यासमोर पडलेला होता. माझं जनुक मी नीट काढलं, चारदा तपासलं, आणि काहीही बिघडलं नाही. पेशी वेळेवर गोळा झाल्या, अळी झाली, उभी राहिली. जणू ते जनुक कधी नव्हतंच. मॅडम म्हणाल्या, दुसरं जनुक घे. तीन वर्षं, काका. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि मग तुम्हाला पत्र लिहिलं. म्हणून ते एवढं छोटं होतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. काही बिघडलं नाही म्हणजे काढलेलं निरुपयोगी होतं, असं शास्त्र म्हणत नाही. पुष्कळदा त्याच्यासारखंच दुसरं एक जनुक असतं, शेजारीच, कुणाच्या नजरेत न येणारं. पहिलं गेलं तरी काम अडत नाही, कारण दुसरं ते करत असतं. कधी कधी ते आधीपासूनच करत असतं. हे पडताळायचं तर दुसरंही काढावं लागतं. दोन्ही नसताना काय होतं ते पाहिलं, तरच खरं कळतं. मी मॅडमकडून तीन महिने मागून घेतले आहेत आणि तेच करणार आहे.

तुम्ही मात्र कुणाला काढायला जाऊ नका.

तुमची,
योगिनी

*

पेडगाव
१८ जानेवारी २०२५

चि. योगिनी,

तुझं रडणं वाचून मला गलबलून आलं. या बाबतीत आपण काका-पुतणी शोभतो.

पत्र काकूला वाचून दाखवलं. एरवी ती तांदूळ निवडत हूं हूं करते. या वेळी 'दुसरं बी काढावं लागतंय' हा भाग तिनं दोनदा वाचायला लावला. बायकांनाही विज्ञानाची गोडी असते, आपण लावत नाही एवढंच.

दुसरं कोण असावं यावर मी पुष्कळ विचार केला. उपाध्यक्ष नव्हे, त्यांना गुडघे आहेत. आश्रुबा आचारी असू शकेल, पण तो तंबाखू मळण्यापलीकडे पुढाकार घेत नाही. माझा संशय मंडपवाल्यावर आहे. लक्ष ठेवून आहे.

तुझा,
अप्पाकाका

*

पाथरी
५ एप्रिल २०२५

योगे,

मी केशरबाईकडं पाथरीला आले, बहिनीकडं. लगीन झाल्यापासून आठ दिस कधी ऱ्हायले न्हाई, आता महिनाभर ऱ्हानार. तुझ्या काकाला म्हनलं, डोळे तपासून घेते. डोळे चांगले हायत माझे, लांबचं बी दिसतंय.

बारा तारखेला हनुमान जयंतीचा भंडारा हाय. सूर्यभानला म्हनलं, बाबा औंदा तुझं तू बघ. बायनाबाईला बी सांगितलं, कुनाच्या दारात जायचं न्हाई. देवाला हात जोडून माफी मागितली.

तुझ्या त्या किड्यायचं काय झालं? मला काळजी लागलीय.

काकू

*

पेडगाव
१४ एप्रिल २०२५

चि. योगिनी,

परवाचा भंडारा असा झाला. सूर्यभाननं मोबाइलच्या ग्रुपवर टाकलं, 'घरटी वीस पोळ्या.' दीडशे पुरुषांनी अंगठा दाखवला. एकानंही घरात सांगितलं नाही. दुपारी आठशे माणसं पानावर बसली. वरण होतं, भात होता, वांग्याची भाजी होती, आणि पोळ्या सव्वीस. त्याही बायनाबाईच्या घरच्या, तिला राहवलं नाही म्हणून.

सूर्यभान धावत माझ्याकडे आला. मला वाटलं, आली वेळ. मी खुर्चीतून उठलो, टोपी घातली. तो कानाशी तोंड आणून ओरडला, "सर, काकू कधी येणार हाय?"

मी म्हटलं, काकूचा काय संबंध? मग त्यानं सगळं सांगितलं. तसाच ओरडून, त्यामुळे ते पारावरही ऐकू गेलं. चोवीस वर्षांचं. दारोदारचं.

पोरी, मी शिक्षक माणूस. माझ्याच घरात, माझ्याच समोर तांदूळ निवडत बसलेली बाई मला दिसली नाही आणि मी मंडपवाल्यावर पाळत ठेवली. ती बाजू सोड. पण मग मी काय करत होतो? चोवीस वर्षं यादी वाचत होतो? दुसरं काढलं, सगळं बिघडलं. म्हणजे काम सगळं दुसऱ्याचंच. पहिलं उगाचच होतं. तू मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

अप्पाकाका

*

बंगळुरू
२१ एप्रिल २०२५

ती. अप्पाकाका,

बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, घडलं ते लिहिते. दुसरं जनुक काढणं आणखी अवघड गेलं, कारण तेच विष दुसऱ्यांदा चालत नाही. त्या पेशी ते आधीच पचवतात. पण जमलं. दोन्ही काढल्यावर पेशी उपाशी बसल्या, हाका मारत राहिल्या, आणि एकही जागची हलली नाही. मॅडम खुर्चीवरून उठून बघायला आल्या. काका, माझं काम वाचलं.

तुमच्या भंडाऱ्यातही दोन्ही नव्हते, तुम्ही आणि काकू. बिघडलं ते एकीमुळे की दोघांमुळे, हे त्यातून ठरत नाही. मीही मग फक्त दुसरं काढलं आणि पहिलं राहू दिलं. पेशी गोळा झाल्या, पण उशिरा आणि अर्ध्याच. म्हणजे पहिलंही काहीतरी करतं. काय, ते मला अजून माहीत नाही. ते शोधायला आणखी दोन वर्षं जातील, कारण पेशीला विचारता येत नाही. एवढा खटाटोप आम्ही त्यासाठीच करतो.

तुम्हाला विचारता येतं. यंत्र कानाला लावा आणि पाथरीची गाडी पकडा.

तुमची,
योगिनी

*

पेडगाव
४ मे २०२५

चि. योगिनी,

गेलो. यंत्र लावून गेलो. एसटीत ड्रायव्हरचं हॉर्नवर किती प्रेम असतं ते कळलं.

काकू केशरबाईच्या ओसरीवर शेंगा फोडत होती. मी सरळ विचारलं, "कस्तुरा, चोवीस वर्षं मी काय केलं?" तिला आधी रडू आलं. म्हणाली, सांगायचं नव्हतं, पण तुमी जेवेनात, मग मला काय सुचंना, म्हनून योगीच्या पत्रात व्हतं तसं सोतालाच काढून बघितलं. मलाही रडू आलं. केशरबाई शेंगा घेऊन आत गेली.

मग डोळे पुसून तिनं उत्तर दिलं. तिच्याच शब्दांत लिहितो, पदरचं काही नाही.

"तुमी बोलायचे. तुमी माईक धरला की गावातले समदे गडी दीड घंटा पारावर आडकायचे. उठायची सोय न्हाई, सरांनी शिकवलेली मानसं. तेवढ्या येळात समद्या बाया घरी मोकळ्या. कुनाला च्या करायचा न्हाई, कुनाचं पानी द्यायचं न्हाई. मी आन् बायनाबाई आळ्या वाटून तवा रोज चाळीस घरं करायचो. चार दिसांत गाव उरकायचं. औंदा त्या सूर्यभाननं भाषन चार मिनिटांत उरकलं आन् समदे गडी घरला. ज्या दारात जावं तिथं गडी बसलेला, बाई च्या करायलीय. मला बारा दिस लागले, टाचा दुखून आल्या. म्हनून इचारत व्हते बायनाबाईला, सरांला परत कसं बसवावं."

योगिनी, मला हसू यायला हवं होतं की राग, ठाऊक नाही. मला बरं वाटलं. खरंच सांगतो, मुख्याध्यापक झालो त्या दिवशीही एवढं बरं वाटलं नव्हतं.

परवा बैठक झाली. सूर्यभाननं स्वतःच काकूचं नाव सचिव म्हणून सुचवलं आणि एकानंही विरोध केला नाही, कारण सगळ्यांनी भंडाऱ्याला नुसता वरणभात खाल्ला होता. काकू बैठकीला आलीच नाही. बैठकीला येळ कुनाला हाय, असा तिचा निरोप होता. मात्र पहिला हुकूम तिनं निरोपाबरोबरच पाठवला. गावात घरं वाढली आहेत, तेव्हा यंदा माझं भाषण रोज दोन तास.

विषय तुझा स्लाइम मोल्ड ठरवला आहे. पण तुझ्या सगळ्या पत्रांचा मजकूर मी घड्याळ लावून वाचून पाहिला, दहा मिनिटांत संपतो. तेव्हा परिषद असो, भांडण असो, जे असेल ते सगळं लिहून पाठव, आणि आखडता हात घेऊ नकोस. लोक मधेच उठून घरी गेले तर पोळ्या कमी पडतील.

तुझा,
अप्पाकाका